सरहद्दीची छायाचित्रे आणि कादंबरीकार

या व्याख्यानमालेचे निमंत्रण घेऊन चालक मंडळी आमच्याकडे आली, तेव्हा आम्ही किमान वेतनावर किंवा कंत्राटी कामगारांच्या प्रश्नावर बोलू अशी त्यांची समजूत होती. अमेरिकेच्या पश्चिम सरहद्दीची जुनी छायाचित्रे आणि त्यांवरून लिहिल्या गेलेल्या कादंबऱ्या हा विषय आम्ही सांगितला, तेव्हा एक गृहस्थ हसून म्हणाले, "भाऊ, कन्हानच्या काठी काऊबॉय कुठला काढता?" प्रश्न योग्यच होता. त्याचे उत्तर देण्यासाठीच आज आम्ही उभे आहोत. आम्ही इतिहासाचे पदवीधर नव्हे. शाळा लवकर सुटली, पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयात आणि सीताबर्डीच्या फूटपाथवरील जुन्या पुस्तकांत झाले. अशाच एका फाटक्या सचित्र पुस्तकात ही छायाचित्रे आम्हाला प्रथम भेटली, आणि त्यांनी आमचीच एक चूक आमच्या पदरात घातली. ती चूक शेवटी सांगू.

आपल्यापैकी ज्यांची पन्नाशी उलटली आहे, त्यांनी तंबूतला सिनेमा पाहिला असेल. १९७५ साली निघालेला 'शोले' आम्ही बऱ्याच उशिराने, जमिनीवर पोते अंथरून पाहिला. ओसाड खडक, घोड्यांवरचे दरोडेखोर, आगगाडीवरचा हल्ला, आणि गाव वाचवायला आलेले दोन उपरे. हा सारा थाट चंबळच्या खोऱ्यातून आला तसाच, किंबहुना त्याहून जास्त, अमेरिकेच्या 'वेस्टर्न' चित्रपटांतून आला. ते चित्रपट कादंबऱ्यांतून आले. आणि कादंबरीकारांनी त्या मुलखाचा चेहरामोहरा कोठून घेतला? काहींनी प्रवास केला हे खरे, पण पुष्कळांनी तो घेतला जुन्या छायाचित्रांतून. कार्ल माय या जर्मन लेखकाची गोष्ट प्रसिद्ध आहे. त्याने अमेरिकेत पाऊल न ठेवता विनेटू या रेड इंडियन नायकाच्या कथा लिहिल्या, आणि १८९६ साली आपल्याच नायकाचा वेश करून स्वतःचे फोटो काढून घेतले! अमेरिकेला तो गेला १९०८ साली. म्हणजे कथा आधी, फोटो मग, आणि देश सर्वांत शेवटी.

सरहद्द म्हणजे काय, हे आधी ध्यानात घ्यावे. तेथे ती दोन राज्यांमधली रेघ नव्हती. जेथवर गोऱ्या वसाहतवाल्यांचा नांगर, रेल्वे आणि कायदा पोहोचला, ती सरहद्द. ती वर्षावर्षाला पश्चिमेकडे सरकत होती आणि मूळ रहिवाशांना मागे रेटत होती. योगायोग असा की, १८६० ते १८९० ही तिची धामधुमीची वर्षे आणि छायाचित्रणकलेची तरुण वर्षे एकच होत. त्या काळी फोटो काढणे म्हणजे आजच्यासारखी खिशातली गोष्ट नव्हती. काचेच्या तावदानावर रसायन ओतावयाचे, ते चांदीच्या क्षारात बुडवावयाचे, ओले आहे तोवरच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यावयाचे आणि लगेच अंधाऱ्या तंबूत धुवावयाचे. काचा, बाटल्या, पाणी, तंबू हे सारे खेचरांवर लादून न्यावे लागे. समोरच्या माणसाला कित्येक सेकंद हलता येत नसे. धावणारा घोडा, चालणारी कुदळ, पडणारी लाठी यांचे चित्र धड उमटत नसे. याचा अर्थ असा की, त्या छायाचित्रांत जे आहे ते थांबलेले आहे. आणि थांबण्याची सवड कोणाला असते, हे कामगारांना सांगावयास नको.

तरीही त्या काचांवर केवढे धन आहे! टिमोथी ओसुलिव्हन याने १८६७ साली नेवाडाच्या वाळवंटात एक चित्र घेतले. वाळूच्या टेकड्या, मधोमध चार खेचरांची गाडी, आणि गाडीपासून कॅमेऱ्यापर्यंत आलेली पावले. ती गाडी त्याची स्वतःचीच, अंधारखोली म्हणून वापरलेली. त्याच मोहिमेत व्हर्जिनिया सिटीच्या चांदीच्या खाणीत शेकडो फूट खाली उतरून, मॅग्नेशियमची तार पेटवून त्याने खाणकामगारांची चित्रे घेतली. डोक्यावर दगड लोंबतो आहे आणि खाली माणूस वाकून बसला आहे. मनसर-कांद्रीच्या मँगनीज खाणींवर ज्यांनी दिवस काढले, त्यांना ती चित्रे परकी वाटणार नाहीत. विल्यम हेन्री जॅक्सन याने १८७१ साली यलोस्टोनच्या उकळत्या झऱ्यांची चित्रे आणली. ती आणि मोरान या चित्रकाराची रंगचित्रे पाहून लोकप्रतिनिधींची खात्री पटली, आणि १ मार्च १८७२ रोजी तो मुलूख राष्ट्रीय उद्यान म्हणून राखण्याचा कायदा झाला. सॉलोमन बुचर याने १८८६ पासून नेब्रास्कातील शेतकऱ्यांची चित्रे घेतली. तेथे लाकूड नव्हते म्हणून लोकांनी गवताळ मातीची ढेकळे रचून घरे बांधली होती. घरापुढे नवराबायको, मुले, गाय, घोडे असे सारे कुटुंब ओळीने उभे आहे. एका चित्रात तर घरधनिणीने आपली वाजवायची पेटी अंगणात आणून ठेवली आहे. पूर्वेकडच्या नातलगांना पेटी दिसावी, मातीचे घर मात्र दिसू नये, ही तिची इच्छा! कथालेखकाला याहून अधिक काय हवे? एका पेटीत अख्खी कादंबरी आहे.

टोपीची कड किती रुंद, बुटावर चिखल कोठवर, दुकानाच्या फळीवर काय मांडले आहे, ही वस्तूंची साक्ष छायाचित्र इमानाने देते. तेवढ्यापुरते लेखकाने त्याचे ऋण मानावे. पण साक्षीदार इमानी असला तरी तो कोठे उभा होता आणि त्याला कोणी बोलावले होते, हे विचारल्याशिवाय वकील उलटतपासणी संपवीत नाही. लेखकाने ती सुरूच केली नाही तर काय होते, याचे तीन दाखले देतो.

पहिला दाखला गमतीचा. बिली द किड हा न्यू मेक्सिकोतला तरुण बंदूकबाज १४ जुलै १८८१ रोजी, अवघ्या एकविशीत, शेरिफ पॅट गॅरेटच्या गोळीने मेला. त्याचे निर्विवाद म्हणावे असे एकच छायाचित्र शिल्लक होते, लोखंडाच्या पातळ पत्र्यावर घेतलेले. त्यात पिस्तूल डाव्या कमरेला दिसते. झाले! बिली डावखुरा ठरला. डावखुरा बिली कथांत आला, नाटकात आला, आणि १९५८ साली त्याच नावाचा हॉलिवूडचा चित्रपटही निघाला. खरी गोष्ट अशी की, पत्र्यावरचे चित्र आरशासारखे उलटे उमटते. त्याच्या हातातल्या बंदुकीत काडतूस घालावयाची खिडकी उलट्या बाजूला दिसते, त्यावरून जाणकारांनी हे ओळखले. एका पत्र्याने माणसाचा हात बदलला आणि पिढ्यान्‌पिढ्या कोणी पत्रा उलटून पाहिला नाही. २०११ साली तो पत्रा वीस लाख डॉलरांहून अधिक किमतीला विकला गेला.

दुसरा दाखला गुराख्यांचा. काऊबॉय म्हणजे अखेर कोण? दुसऱ्याची गुरे मजुरीने हाकणारा गडी. त्यांतला दर चारांत एक कृष्णवर्णीय असावा असा अभ्यासकांचा अंदाज आहे. मेक्सिकन तर होतेच. मोंटानात हफमन आणि डाकोटात ग्रॅबिल यांनी या लोकांची उत्तम चित्रे घेतली. पण चित्रातला काऊबॉय घोड्यावर ताठ बसलेला, एकटा आणि स्वतंत्र दिसतो. पगाराचा दिवस कोणी टिपला नाही. ओवेन विस्टर हा फिलाडेल्फियाचा सुखवस्तू गृहस्थ वायोमिंगमध्ये कॅमेरा आणि वही घेऊन हिंडला आणि १९०२ साली त्याने 'द व्हर्जिनियन' ही कादंबरी लिहिली. पुढच्या साऱ्या वेस्टर्न कथांचा साचा हाच. हिचा नायक गुराखी खरा, पण गुरे राखताना तो फारसा दिसतच नाही, आणि मोठे गोठेवाले व छोटे वसाहतवाले यांच्या झगड्यात लेखकाचे मन उघडपणे गोठेवाल्यांकडे आहे. श्रोतेहो, १८८३ साली टेक्सासच्या उत्तर टोकाला याच गुराख्यांनी संप केला होता. २४ जणांनी सह्या करून महिना ५० डॉलरची मागणी केली, पाच मोठ्या गोठ्यांना संपाची झळ लागली, दोन-अडीच महिन्यांत संप मोडला आणि माणसे कामावरून गेली. शेकडो वेस्टर्न कादंबऱ्यांच्या ढिगात हा संप शोधू लागलात तर हात रिकामे राहतात. पिस्तुलाची चकमक मात्र प्रत्येक पानावर सापडते.

तिसरा दाखला रेल्वेचा, आणि तोच आमच्या जिव्हाळ्याचा. अमेरिकेच्या दोन किनाऱ्यांना जोडणारी रेल्वे १० मे १८६९ रोजी युटामधील प्रॉमोंटरी येथे पुरी झाली. अँड्र्यू रसेल याचे त्या दिवसाचे छायाचित्र जगप्रसिद्ध आहे. दोन इंजिने समोरासमोर, दोन्ही कंपन्यांचे प्रमुख अभियंते हस्तांदोलन करीत आहेत, लोक इंजिनांवर चढून बाटल्या पुढे करीत आहेत. पश्चिमेकडचा सिएरा नेवाडा पर्वत फोडला तो मुख्यतः चिनी मजुरांनी. त्यांची संख्या दहा हजारांच्या वर गेली होती. बर्फात, बोगद्यांत, सुरुंगांत त्यांनी जीव घातला. जून १८६७ मध्ये गोऱ्यांइतकी मजुरी आणि कामाचे कमी तास यांसाठी हजारो चिनी मजुरांनी एकजुटीने काम थांबविले. कंपनीच्या क्रॉकरसाहेबाने त्यांच्या तळांवर जाणारे अन्नधान्य बंद केले आणि आठवड्याभरात संप उपासमारीने मोडला. पुढे २८ एप्रिल १८६९ रोजी एका दिवसात दहा मैल रूळ टाकण्याचा विक्रम झाला. त्यात रूळ उचलणाऱ्या आठ आयरिश कामगारांची नावे इतिहासात नोंदली आहेत. त्याच दिवशी त्याच रुळांवर घाम गाळणाऱ्या चिन्यांपैकी एकाचेही नाव त्या यादीत नाही.

आणि ते प्रसिद्ध छायाचित्र? त्यात चिनी चेहरा ओळखू येत नाही. येथे न्यायाने सांगितले पाहिजे की, त्याच रसेलने त्याच दिवशी दुसऱ्या काचेवर अखेरचा रूळ बसविणारे चिनी मजूरही टिपले होते. म्हणजे कॅमेऱ्याने त्यांना पाहिले होते. पण पाठ्यपुस्तकांत छापली गेली ती बाटल्यांची काच. मजुरांची काच पेटीत राहिली. झेन ग्रे या अतिलोकप्रिय कादंबरीकाराने १९१८ साली या रेल्वेवर कादंबरी लिहिली; तिचा नायक तरुण अभियंता. चित्रात हस्तांदोलन अभियंत्यांचे, म्हणून कथाही अभियंत्यांची. तेरा वर्षांत, १८८२ साली, चिनी मजुरांना देशात येण्यास बंदी करणारा कायदा झाला. ज्यांची आठवण पुसली जाते, त्यांचा हक्क नाकारणे सोपे जाते, हा या गोष्टीचा मथितार्थ आहे.

छायाचित्रकाराने स्वतःच चित्रात हात घातल्याचेही उदाहरण आहे. एडवर्ड कर्टिस याने आदिवासी जमातींचा २० खंडांचा प्रचंड संग्रह १९०७ ते १९३० या काळात प्रसिद्ध केला. मॉर्गन या धनिकाचा पैसा त्यामागे होता. कर्टिसचे कष्ट अफाट, चित्रे अप्रतिम. पण एका तंबूत बसलेल्या दोन पुरुषांच्या मधोमध एक साधे घड्याळ होते, ते त्याने छापताना पुसून टाकले. आदिवासी म्हटला की त्याच्याजवळ घड्याळ कसे शोभेल? मग कथालेखकांनीही त्या माणसांना काळाबाहेर बसविले, यात नवल काय!

पण याच छायाचित्रांतून सच्चे वाङ्मयही निपजले आहे. मॅक्सिन हाँग किंग्स्टन या चिनी वंशाच्या लेखिकेने १९८० साली 'चायना मेन' हे पुस्तक लिहिले. सिएरा नेवाडात खपलेल्या आजोबांची कथा सांगताना तिने हेच नमूद केले की, रेल्वेच्या छायाचित्रांत आजोबा नाहीत. आणि चित्रात जे नाही त्यावरूनच तिने आजोबांना पुन्हा उभे केले. श्रीलंकेत जन्मून कॅनडात गेलेल्या मायकेल ओंदाचे याने १९७० साली बिली द किडवर पुस्तक काढले. त्याच्या आरंभी चित्राची चौकट आहे आणि ती कोरी आहे. कॉर्की ली हा न्यूयॉर्कचा छायाचित्रकार शाळेत असताना प्रॉमोंटरीचे चित्र पाहून थबकला होता. २०१४ साली त्याने चिनी मजुरांच्या वंशजांना त्याच जागी, तशाच दोन इंजिनांपुढे उभे करून नवे छायाचित्र घेतले. त्याच वर्षी त्या मजुरांना अमेरिकेच्या कामगार खात्याने आपल्या सन्मान-दालनात स्थान दिले. १४५ वर्षे लागली, पण चौकट रुंदावली.

आता कन्हानच्या काठी येऊ. आपल्याला सरहद्द नव्हती काय? नागपूरहून भंडाऱ्याकडे जाणारा रस्ता मौद्यावरून जातो, आणि पुढे झाडीपट्टी लागते. जंगल, गोंडांचे मुलूख, धानाचे बांध, मग खाणी, मग रेल्वे. नागपूरला आगगाडी आली १८६७ साली, म्हणजे चिनी मजुरांच्या संपाच्याच वर्षी. ती येण्याआधी बोरघाट फोडावा लागला. तो १८६३ साली खुला झाला, आणि कामाच्या ऐन भरात तेथे ४० हजारांवर मजूर राबत होते. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली येथे येताच मरण पावला. काम पुरे करून घेतले ते त्याच्या पत्नीने, अॅलिस ट्रेडवेल हिने. तिने घाटातील कामाची छायाचित्रेही घेतली. आमच्या लेखकांपैकी कोणी तरी ती भिंगाखाली धरून, त्या बोगद्याच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसाचे गाव विचारावे, असे आम्हाला वाटते.

दुसरे उदाहरण आपल्या घरचेच. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्यप्रांतातील जाती-जमातींवर चार खंडांचा ग्रंथ लिहिला. तो १९१६ साली लंडनमध्ये छापला गेला. त्यात गोंडांची छायाचित्रे आहेत. एका चित्रात गोंड स्त्रिया जात्यावर दळीत आहेत. चित्राखाली काय आहे? जात आणि काम. नाव नाही. ग्रंथ मोलाचा आहे, आम्ही त्याला हात जोडतो. पण ज्या बायका घटकाभर हात थांबवून साहेबापुढे बसल्या, त्यांना नावे होती, सासरमाहेर होते, आणि जात्यावर म्हणावयाच्या ओव्या-गाणी तर खासच होती. झाडीपट्टीची दंडार आणि नाटके आजही रात्रभर रंगतात. त्या रंगभूमीला विषय हवे असतील तर ते हॉलिवूडच्या टोपीत नाहीत, या पानांत आहेत.

आणि आता आमची चूक. अनेक वर्षांपूर्वी कन्हानकाठच्या एका गावी विडी कामगारांचे धरणे झाले. हजार विड्यांमागची मजुरी आणि खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे न मिळणारे पैसे, हे दोन प्रश्न. १९ दिवस माणसे निंबाखाली बसली. 'माणसे' म्हणजे बहुतेक बायाच. विड्या वळतात त्या त्याच. तान्ही पोरे मांडीवर घेऊन त्या बसल्या. विसाव्या दिवशी संध्याकाळी समझोत्यावर सह्या झाल्या. कोणी तरी फोटोवाल्याला बोलावले. तोवर बाया घरी गेल्या होत्या, कारण चुली पेटवावयाच्या होत्या. फोटोत आलो आम्ही ११ पुरुष, हार घालून. तो फोटो युनियनच्या कचेरीत भिंतीवर लागला.

दहा वर्षांनी स्मरणपुस्तिका काढावयाची ठरली. लिहिण्याचे काम आमच्याकडे आले. आम्ही फोटो उतरविला, टेबलावर ठेवला आणि त्यावरून लढ्याची हकीकत लिहून काढली. मनात लबाडी मुळीच नव्हती. समोर जे चेहरे होते त्यांची नावे लिहिली, आणि नावे लिहिताना आठवणीही त्यांच्याच आल्या. छापून झाल्यावर एका म्हातारीला तिच्या नातीने ती पुस्तिका वाचून दाखविली. दुसऱ्या दिवशी ती कचेरीत आली. भांडली नाही. पुस्तिका टेबलावर ठेवून इतकेच म्हणाली, "भाऊ, मंग एकोणीस दिवस आमी कुठी होतो?"

क्रॉकरसाहेबाने चिन्यांना वगळले यात आश्चर्य नाही. तो मालक होता. आम्ही तर त्यांचेच म्हणविणारे. आमच्या भिंतीवरही एक प्रॉमोंटरी टांगलेली होती, आणि तिच्याखाली बसून आम्ही न्यायाची भाषणे करीत होतो. त्यानंतर आम्ही गावातून घरोघर हिंडलो. ५९ नावे मिळाली. काही बाया वारल्या होत्या. त्यांची नावे सुनांना विचारावी लागली, आणि एकीच्या सुनेलाही सासूचे माहेरचे नाव ठाऊक नव्हते. ती यादी आम्ही फोटोच्या शेजारी, तेवढ्याच मोठ्या चौकटीत लावली आहे. फोटो काढून टाकला नाही. तोही खराच आहे; फक्त तो त्या संध्याकाळचा आहे, एकोणीस दिवसांचा नाही.

म्हणून ज्यांना लिहावयाचे आहे त्या तरुण मित्रांना आमचे सांगणे एवढेच. जुनी छायाचित्रे अवश्य पाहा, त्यांवरून कथा लिहा, कादंबऱ्या लिहा. पण आधी विचारा की, हे चित्र कोणी काढविले, कोणाच्या पैशाने, दिवसाच्या कोणत्या वेळी, आणि त्या वेळी बाकीची माणसे कोठे होती. आणि जे लिहिणार नाहीत, त्यांनाही एक काम आहे. घरी पेटीत जुने फोटो असतील. धानाच्या मळणीचे, खाणीवरचे, लग्नाच्या मांडवाचे. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना ते या उन्हाळ्यात दाखवा. फोटोत कोण कोण आहे ते फोटोच्या पाठीमागे लिहा. मग त्यांना विचारा, फोटोत कोण नाही. तीही नावे लिहा. शाई साधी चालेल.